चाचांच्या अंगठ्याची दोरी

कुणा माणसावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चार ओळी लिहिल्या की त्यातल्या दोन खोडतो. काही चुकलं तर आधीच माफी मागतो. पण आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या चाचांनी लोकांना जेवढे धक्के दिले, तेवढे अख्ख्या ओमानात कुणी दिले नसतील, एवढं वाक्य मात्र मी खोडणार नाही.

चाचा मूळचे रायगडकडचे. ओमानात येऊन वादी कबीर भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे वर्षानुवर्षं ठोकून सरळ करता करता त्यांचे दोन्ही कान गेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, पण खोलीत एकटेच आणि ऐटीत राहायचे. दाराची बेल ऐकू येत नाही म्हणून त्यांनी खिडकीतून एक नायलॉनची दोरी बाहेर सोडली होती. बाहेरच्या टोकाला गाडीचा जाडजूड नट आणि आतलं टोक थेट चाचांच्या पायाच्या अंगठ्याला. एकदा ओढली तर पाहुणा, दोनदा ओढली तर जेवणाचा डबा, तीनदा ओढली तर असाल तसे बाहेर पळा. नव्या गॅसवाल्याला हे कोण सांगणार? त्याने जोर लावून तीनदा खेचली आणि चाचा अंगभर साबण, कमरेला टॉवेल अशा अवस्थेत रस्त्यावर. मी तेव्हा शाळेच्या बसची वाट बघत उभा होतो. तो धक्का मला अजून पुरतोय. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे त्यांची कुजबूज चौकापर्यंत जायची. “वहिनींना सांगू नको, पण डाळ खारट होती,” हे त्यांनी माझ्या वडिलांच्या कानात सांगितलं, ते आईने तिसऱ्या मजल्यावर भांडी घासताना ऐकलं. सकाळी बसकडे जाताना आम्ही मुलं दोरी एकदा ओढायचो. आतून उलटा हिसका आला की चाचा ठीक आहेत असं समजून पुढे पळायचो.

त्यांचा पुतण्या तिथल्याच कुरुम भागात एका ऑफिसात कामाला होता. बहिरा माणूस एकटा, उद्या काही झालं तर काय, या काळजीने तो एका शुक्रवारी चाचांना कायमचं न्यायला आला. खोली तयार आहे, स्वयंपाकाला माणूस ठेवलाय, आता काही करायचं नाही, असं त्याने खुणा करून समजावलं. चाचा सुरमई कापत होते, त्याने सुरी काढून घेतली. पाणी प्यायला उठले तर ग्लास ओठांपर्यंत नेला. चाचा गप्प झाले. चाचा गप्प, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

पुतण्या कपड्यांची बॅग गाडीत ठेवायला गेला. परत येतो तो दार बंद, आणि खिडकीतून दोरीही आत ओढून घेतलेली. मग तो बिचारा बहिऱ्या माणसाचं दार तासभर बडवत बसला. सगळी बिल्डिंग जिन्यात उभी, पण त्याला सांगायची कुणाची हिंमत होईना. अखेर तो दमून पायरीवर टेकला, तेव्हा खिडकीतून हळूच नट बाहेर आला. मागून चाचांचा आवाज, त्यांच्या मते अगदी हळू:

“बाबा, मना दोरी खेचणारा मानूस पुरे. घास भरवणारा नको.”

पुतण्या उठून गाडीकडे गेला. मग बॅग परत आणली आणि दोरी एकदाच ओढली. दार उघडलं. पुढे दर शुक्रवारी तो यायचा, दोनदा ओढायचा.

वय झालं, व्हिसा संपला, चाचा गावी गेले. मीही पुण्याला कॉलेजात आलो. गावच्या लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं असेल, असं सारखं मनात यायचं. गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. पहिलंच वाक्य, “चाचांचे डोळेपण गेले रे, दोन पावसाळे झाले.” मी हॉस्टेलच्या जिन्यात बसलो. विचारायचा धीर होईना, तरी विचारलं, ते आता कुणाकडे असतात?

“स्वतःच्या घरात,” तो म्हणाला.

दोरी आता दारापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून मशिदीपर्यंत, सुपारीच्या झाडांना बांधलेली आहे. ती धरून चाचा एकटे जातात, एकटे येतात. सगळा मोहल्ला तिच्याखालून वाकून जातो. उन्हापावसात झिजली की सुट्टीवर आलेला पुतण्या नवी बांधतो. आणि अंगठ्याची वेगळी आहेच. शाळेत जाणारी मुलं ती सकाळी एकदा ओढतात, आणि आतून हिसका आल्याशिवाय पुढे जात नाहीत.