ग्रॅमचे वैरी

अख्ख्या रत्नागिरीत ग्रॅमशी असं हाडवैर धरलेला दुसरा माणूस दाखवा, मी पत्रकं काढणं सोडून देईन. आमच्या शेजारचे काका तीस वर्षं बंगळुरात रॉकेटचे सुटे भाग डिझाइन करायचे. कुणी विचारलं, "काका, तुम्ही रॉकेट बनवलंत म्हणे?" तर म्हणत, "छे! त्यातल्या एका पाइपाला धरणारा ब्रॅकेट. पण आधीच्यापेक्षा अकरा ग्रॅमनी हलका हो!" निवृत्त होऊन घरी आले तरी सवय सुटेना. जिथे ताकद लागत नाही तिथला धातू काढून टाकायचा, हा त्यांचा धर्म. ड्रिल घेऊन त्यांनी पळीच्या दांड्याला, उलथन्याला, दाराच्या कडीलासुद्धा भोकं पाडली. काकू म्हणायच्या, "झाऱ्याला जन्मतःच भोकं, म्हणून तेवढा सुटला मेला!"

माझी पत्रकं मात्र सुटली नाहीत. 'तीव्र जाहीर निषेध' वाचून त्यांनी लाल पेन काढलं. "निषेध एकटा भार घेतोय ना? मग 'तीव्र' कशाला? काढ." मी चिडायचो, पण काढायचो.

त्यांना इथेच राहायचं होतं. पोरांना डिझाइन शिकवायला औद्योगिक वसाहतीतली एक बंद शेड हवी होती, बस. शिकवणारा माणूस दारात उभा आणि आमची पोरं नट-बोल्ट आवळायलाही परगावी! मी अर्जांवर अर्ज केले. वर्षभराने उत्तर आलं, 'प्रकरण विचाराधीन'. काकांनी तो कागद तळहातावर तोलला. "जड आहे रे. हे काही उडायचं नाही." मग बंगळुरातून पुन्हा कामाचं बोलावणं आलं. "रिकामे हात गंजतात," एवढंच म्हणाले.

हायवेवर हातखंब्याला बसपर्यंत सामान मी धरलं. कपड्यांची बॅग पिसासारखी. दुसऱ्या पिशवीने मात्र खांदा उतरला. आत त्यांच्या आईची विळी, फणसाच्या लाकडाची, एकही भोक नसलेली.

"काका, हिला कशी विसरलात? पाडू दोन भोकं?"

"हात लावू नको. हिने जागेवर राहायचं असतं," म्हणाले, आणि बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले.

शेड अजून बंदच आहे. मी नवे अर्ज टाकतोय, एकही विशेषण न वापरता. काकांची फार आठवण येते, असं इथे लिहिलं होतं. मग 'फार' खोडलं. आठवण एकटी भार घेतेय.