डाव्या बाजूचा शॉकप

दामाजी कोळी ऑफिसात पोचायच्या आधी त्याचा वास पोचायचा. बोंबलाचा, बर्फाच्या पाण्याचा आणि रॉकेलचा. शेजारच्या टेबलावरच्या मंदाकिनीबाई लगेच पदर नाकाला लावायच्या. मी कायस्थ. मला भूक लागायची.

मानपाड्याला एमआयडीसीत आमचा कारखाना होता. ट्रकचे शॉक ॲब्सॉर्बर बनवायचा. म्हणजे गाडीबरोबर आलेले मूळचे गेले की लोक दुकानातून जे दुसरे आणून बसवतात, ते. मेकॅनिक त्याला शॉकप म्हणतात आणि वर्षभरात मीही तसंच म्हणायला लागलो. खराब निघालेला शॉकप घेऊन जो कोणी येईल त्याला तो बदलून द्यायचा की नाही, हे ठरवणारा वॉरंटी विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक गोदरेजचं कपाट. वॉरंटी सहा महिन्यांची. ती शक्यतो कोणाला द्यायची नाही यासाठी मला पगार मिळत होता. असं तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं, पण इन्क्रिमेंटच्या वेळी बरोबर कळायचं.

माल फार वाईट नव्हता आणि फार चांगलाही नव्हता. एखाद्या लॉटमध्ये रॉडवरचा क्रोम पातळ यायचा, एखाद्यात तेल अडवणारं रबरी सील असं यायचं की शिपायालाही कळावं. पण दोष कबूल करायचा नाही हा आमचा कुळाचार होता. कार्डावर दुकानदाराचा शिक्का नाही, मग क्लेम नाही. शिक्का आहे पण तारीख पुसट, तरी नाही. सगळंच जागेवर असेल तर गाडीत जास्त माल भरला असं लिहायचं, आणि तेही बसत नसेल तर रस्ते खराब. रस्ते खराब होतेच, त्यामुळे खोटं लिहिल्यासारखं वाटायचं नाही.

दामाजी पहिल्यांदा आला तो १९८८च्या दिवाळीनंतर. बुटका, रुंद, पायांत रबरी चपला, पण अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बायकोने सक्तीने घालायला लावलेला, हे नंतर कळलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला शॉकप त्याने माझ्या टेबलावर अलगद ठेवला.

"साहेब, यो मेला."

"कोण मेला?" मी दचकलो.

"यो. शॉकप. डावे बाजूचा. चार महिनं पन नाय झालं."

शॉकप लख्ख पुसलेला होता. आमच्या कार्डावर छापलेलंच होतं की माल स्वच्छ धुऊन कोरडा करून आणावा. असली अट वाचणारा आणि वर ती पाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. रॉकेलने धुऊन, फडक्याने पुसून आणला होता त्याने. मी कौतुकाने तो हातात घेतला, दाबून पाहिला. गचकन आत गेला, म्हणजे आतलं तेल संपलेलं. मग कार्ड पाहिलं. शिक्का नव्हता. मी नाही म्हटलं.

तो भांडला नाही. कल्याणच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, कंपनीने सांगितलं तर शिक्का मारतो. मी म्हटलं, शिक्का असेल तर कंपनी सांगेल. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्या टेबलासमोरचं बाक ओढलं आणि विचारलं, "साहेब, तुमची पाठ कंदी धरली का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग तुमाला कसा कलनार."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. दामाजी डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठचा, मोठागावचा. खाडीत मासळी कमी झाली तसा त्याने जुना ट्रक घेतला. पहाटे मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जायचं, लिलावात मासळी उचलायची, आणि बर्फात घालून कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात आणायची. ट्रक दामाजी चालवायचा, पण धंदा चालवायची त्याची बायको मनुबाई. लिलावात बोलायची ती. पापलेटाचा कल्ला उघडून, डोळा बघून, बोट लावून माल कालचा की आजचा हे ती सांगायची आणि धक्क्यावरचे दलाल तिला टरकून असायचे. ती रोज दामाजीच्या डावीकडे बसून जायची आणि यायची. आता त्या गचक्यांनी तिची पाठ गेली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, ट्रकमध्ये बसणं बंद करा, नाहीतर कायमच्या आडव्या पडाल. म्हणून त्याने पुढचे दोन्ही शॉकप नवे बसवले होते, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. उजवा चालू होता. डावा मेला होता.

"ती नाय आली तं मी काय घेनार?" तो म्हणाला. "मला मासली मारता येते साहेब, घेता नाय येत."

हे त्याने उगाच सांगितलं नव्हतं. मधे तीन आठवडे मनुबाई झोपून होती, तेव्हा हा एकटा धक्क्यावर गेला आणि दोन पाट्या पापलेट घेऊन आला. बाजारात आणेपर्यंत ती इतकी मऊ पडली की मनुबाईने अंथरुणातून वासावरूनच ओळखलं. त्या दिवशी तिने त्याला काय काय म्हटलं ते त्याने मला हसत हसत, अभिमानाने सांगितलं. बायकोच्या शिव्यांचा इतका अभिमान बाळगणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही.

मला पाझर फुटला. मी मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला आणि 'गुडविल' या नावाखाली एक शॉकप दामाजीला मिळवून दिला. आमच्या कंपनीत गुडविल वर्षातून दोनदाच निघायचं, त्यामुळे मी फार मोठं काम केल्याच्या थाटात दोन दिवस वावरलो.

तो शॉकप मार्चमध्ये मेला. डावाच.

तिसरा त्याने पदरचा घेतला, तो दसऱ्याच्या आत गेला. या वेळी त्याच्याबरोबर मनुबाई आली. गेटवरच्या रखवालदाराने तिला अडवलं, आणि पाच मिनिटांनी तोच तिला अदबीने माझ्या टेबलापर्यंत घेऊन आला. ती पाठीला हात लावून उभी राहिली, बाक बघितलं, बाक फार बुटकं आहे असं म्हणाली आणि सरळ माझ्या खुर्चीत बसली. मी उभा.

"तू देतंस का नाय देत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बाई, मॅनेजरसाहेब म्हणतात की डावं चाक रस्त्याच्या कडेला खाली उतरतं, म्हणून डावाच शॉकप—"

"तुजा म्यानेजर कंदी ट्रकात बसला?"

मंदाकिनीबाईंनी पदर नाकावरून तोंडावर घेतला, कारण त्या हसत होत्या. मनुबाईला मी काही देऊ शकलो नाही. ती उठली, कमरेत एकदा कळ आली म्हणून टेबलाला धरून थांबली, आणि चालू पडली. ते थांबणं मी पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. घरी गेल्यावर जेवणावरून उगाचच बायकोवर चिडलो.

पुढच्या उन्हाळ्यात चौथा गेला. आतापर्यंत दामाजी आणि मी मित्र झालो होतो. तो आला की क्लेमचं काम दोन मिनिटांत आटपायचं, मी नाही म्हणायचो, तो बरं म्हणायचा, आणि मग चहा मागवून आम्ही माशांवर बोलायचो. जाताना तो माझ्या पिशवीत करंद्या, म्हणजे बारीक कोळंबी, घालून जायचा. ज्या माणसाला आपण चार वेळा परत पाठवलं त्याच्या करंद्या खाताना घशाशी काही अडकायला हवं होतं. अडकलं नाही. करंद्या फार चांगल्या असायच्या.

नव्वद सालच्या नारळी पौर्णिमेला त्याने मला घरी बोलावलं. मोठागावच्या काठावर होड्या रंगवून, फुलं लावून ओळीने उभ्या होत्या आणि त्याच ओळीत, शेवटी, दामाजीचा ट्रक. त्यालाही हार, त्यालाही हळदकुंकू. बायका नाचत होत्या, मनुबाई ओट्यावर पाठीला उशी लावून बसून टाळ्या वाजवत होती. तिला नाचता येत नव्हतं, आणि ती कुठल्याही बाईइतकी मोठ्याने गात होती.

दामाजी मला ट्रककडे घेऊन गेला. म्हणाला, "बघा साहेब, मी काय कमी नाय करत." आणि त्याने पत्र्याचा एक डबा उघडला. त्यात मुशीचं तेल होतं. मुशी मासा मोठा, त्याच्या काळजाचं तेल उकळून काढतात आणि होडीच्या लाकडाला चोपडतात. मग खारं पाणी लाकूड खात नाही. दामाजीने काठीला चिंधी गुंडाळली, तेलात बुडवली आणि चाकामागे वाकून, अजून न बदललेल्या त्या चौथ्या डाव्या शॉकपच्या पत्र्याच्या टोपणाखाली ती आत घालून रॉडला वरपर्यंत तेल लावलं. प्रेमाने, हळूहळू, लहान मुलाच्या अंगाला लावावं तसं.

"पंदरा दिवसाला लावतो," तो म्हणाला. "लाकूर असो का लोखंड, तेल पाजला का दर्या काय करनार!"

मी खाली वाकून बोट लावलं. बोट चिकटलं. चिकट तेलावर रस्त्याची धूळ आणि बारीक वाळू बसली होती, आणि रॉड दर गचक्याला ती वाळू आत सीलमध्ये नेत होता. सील कापलं जात होतं. चारही शॉकप असेच मेले होते. आणि आम्हाला कधी कळलं नाही, कारण आमच्याच कार्डावरच्या अटीपायी दामाजी दर वेळी रॉकेलने सगळा पुरावा धुऊन आणत होता.

"आणि उजव्याला?" मी विचारलं.

"त्याला कनला? तिकडं मी बसतो."

दोन वर्षं मी त्याला शिक्का विचारला, पावती विचारली, किती किलोमीटर झाले ते विचारलं. तू या शॉकपचं करतोस काय, हे एकदाही विचारलं नाही. राग दामाजीचा नाही आला, माझाच आला. पण सांगणं भाग होतं. नाहीतर पाचवाही गेला असता, आणि त्याबरोबर तिची पाठ. मी त्याला होड्यांच्या मागे नेऊन सगळं सांगितलं.

तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिला. ते केव्हाच लागलेलं होतं.

"म्हंजे दोन वर्सं तिची पाठ मीच मोरली," तो म्हणाला.

मी म्हटलं, तसं नाही. पण तसंच होतं आणि दोघांनाही ते कळत होतं.

"साहेब, तिला नका सांगू. शिव्या देल त्याचा काय नाय. ती रोज माझे शेजारी बसते."

मी शब्द दिला. त्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांच्या मागे लागून, वर्षाचं दुसरं गुडविल खर्ची घालून मी पाचवा शॉकप काढला आणि दामाजीसमोर उभा राहून बसवून घेतला. तेल नाही, पाणी नाही, हात लावायचा नाही. दामाजी तो डबा होडीवर ठेवून आला.

शॉकप टिकला. दिवाळी गेली, होळी आली, मनुबाई रोज धक्क्यावर जाऊन येत होती. पाठ पुरती बरी झाली नाही, पण ती आडवी पडली नाही.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये रविवारी सकाळी मी डोंबिवलीच्या मच्छी बाजारात गेलो. मनुबाई पाटावर बसली होती, पुढे कोयता, बाजूला भरलेली टोपली. दामाजी मागे बर्फ फोडत होता. गिऱ्हाईकं उभी होती. तिने मला बघितलं आणि सगळ्यांच्या डोक्यावरून विचारलं, "काय रं साहेब, सात महिनं झालं, यो शॉकप नाय मेला. मंग आदीचे चार कनला मेले?"

मागे बर्फाचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "चूक आमच्या कंपनीची होती, मनुबाई. सील खराब होतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं आणि तेही खोटं. मनुबाईने मग मला जे धरलं! माझी कंपनी, माझा मॅनेजर, माझं कार्ड, माझी खुर्ची, कोणालाही सोडलं नाही. बाजार गोळा झाला. आमच्या सोसायटीतली दोन माणसं होती. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि खरं सांगतो, त्यातलं निम्मं मला लागूच होतं.

शेवटी ती दमली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पन बोलला. मानूस चुकला का असा बोलावा." मग मागे वळून, "आयकतंस ना? शिक काय तरी याचेकडून!"

दामाजीच्या हातातला बर्फाचा तुकडा वितळत होता. तो खाली ठेवून तो पुढे आला.

"यो खोटा बोलतंय," तो म्हणाला. "कंपनीचा काय नाय. मी तेल लावला, मुशीचा. त्यानं मेले."

"चारी?"

"चारी."

मनुबाईचा हात कोयत्यावर होता. आता काय होणार म्हणून गिऱ्हाईकं एक पाऊल मागे सरकली.

"आनी तुझे बाजूचा कसा नाय मेला?"

"त्याला नाय लावला."

"कनला?"

"माझे बाजूला कनला लावू?" दामाजी म्हणाला. त्याला तो प्रश्नच कळला नव्हता.

ज्या बाईला अख्खा भाऊचा धक्का टरकून असायचा तिने टोपलीतलं पापलेट उचललं, पुन्हा ठेवलं. नाकातून एक श्वास जोरात घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, तू उद्या ये. आज माल नाय."

टोपली काठोकाठ भरलेली होती. मी रिकामी पिशवी घडी करून निघालो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर ती पाठीला हात लावून उठली होती आणि दामाजीच्या शर्टाच्या बाहीला लागलेला बर्फ झटकत होती.