दार अडवून बसलेली बाई

"तितंच थांबा, पावणं!" असं म्हणून ती आयसीयूच्या दारात हात आडवा धरायची. समोर दीर असो, नाहीतर गावचा सरपंच.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका आयसीयूची मुख्य सिस्टर होते. तिचा नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. खोकल्यातून रक्त पडायचं, म्हणून आधी टीबीचे उपचार झाले. आजार निघाला वेगळाच. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटली होती. फुफ्फुसात रक्त, मूत्रपिंडं बंद, व्हेंटिलेटर, डायलिसिस. उपचार म्हणजे ती प्रतिकारशक्तीच औषधाने दाबायची. मग बाहेरचा साधा खोकलाही जीव घेऊ शकतो. डॉक्टरांनी तिला हे एकदाच सांगितलं.

आपल्याकडे पेशंटला बघायला न जाणं म्हणजे वैर, तुम्हाला ठाऊकच आहे. मलकापूरकडच्या त्यांच्या गावाहून टेम्पो भरून माणसं यायची.

"वैनी, नुसतं तोंड बघतो की!"

"तोंड काचंतनं दिसतंय. आन् केळी माघारी न्या. केळ्यास्नी आत सोडत न्हाईत, तुमास्नी कुठलं सोडत्यात?"

आम्हाला वॉचमनची गरज उरली नव्हती.

मग सासू आली. खोकत.

"माझं पोरगं हाय त्ये. सरक."

"न्हाय आत्याबाई. खोकला हाय तुमास्नी."

म्हातारी दारातच खाली बसली. "मला न भेटता त्यो गेला, तर तुजं तोंड बघायची न्हाय मी."

त्याच दुपारी रक्तस्राव वाढला. नळीतून लाल फेस येत होता, ऑक्सिजन घसरत होता. मी औषधासाठी बाहेर आले, तर तिने माझं मनगट धरलं.

"सिस्टर, खरं सांगा. मरणार असला तर आत्याबाईस्नी आत्ताच आत सोडते. जगणार असला तर न्हाय सोडत."

नातेवाइकांना धीर द्यायला मी पुष्कळदा खोटं बोलले आहे. तिला म्हटलं, "माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही."

सगळे पाहुणे तिच्याकडे बघत होते.

"मग न्हाय सोडत," ती म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

तो जगला. मूत्रपिंडं पूर्ण सुधारली नाहीत, पण डायलिसिस सुटलं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घरीही चालू राहणार होती. सासू मात्र त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नाही.

घरी न्यायला टेम्पो आला. गादीवर नवरा, उशाशी अजून खोकणारी सासू, भोवती पाहुणे. हिला कुणी चढ म्हटलं नाही. ही आपली आपण चढली, माणसं ओलांडत थेट सासूपुढे जाऊन बसली. पिशवीतून धुतलेला रुमाल काढला, म्हातारीच्या नाकातोंडावर धरला आणि मागे गाठ मारू लागली.

गाठ नीट बसावी म्हणून म्हातारीने मान तेवढी खाली घातली.