अभ्रकाची पोती आणि काकांचा जावई

"नाही माहीत! शंभर वेळा सांगितलं, नाही माहीत!"

काका असे ओरडले की काशीच्या पंचगंगा घाटावरची कबुतरं उडाली ती थेट पलीकडे रामनगरला जाऊन बसली. अजून परतलेली नाहीत, असं मी सगळ्यांना सांगतो.

घाटावरच्या गल्लीत काकांचं पूजेच्या सामानाचं दुकान. गणपतीआधी तिथे अभ्रकाच्या चमकीची पोती यायची आणि काशीतल्या झाडून साऱ्या मराठी घरांचे गणपती तिनेच झळकायचे. त्या दिवशी दारात खाण खात्याच्या बाई उभ्या होत्या, मागे दोन शिपाई. बंद पडलेल्या खाणींच्या बिळांत लहान पोरं उतरवून काढलेलं अभ्रक बाजारात कोण आणतं, हे सरकार दुकानोदुकानी विचारत होतं. नाव सांगितलं तर दुकान चालू, नाहीतर कुलूप.

पंचाईत अशी की ती पोती आणणारा व्यापारी आमच्याच बाकावर चहा पीत बसला होता. मिशा एवढ्या जाड की चहासुद्धा त्यांची परवानगी घेऊन आत जायचा.

"ये कौन हैं?" बाईंनी विचारलं.

काका माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "जावई आहे म्हण. हिला काय कळतंय!"

बनारसमध्ये मराठी म्हणजे आमची तिजोरी. गिऱ्हाइकाच्या तोंडावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात भाव ठरवत आलो. मी छाती फुगवून म्हणालो, "दामाद हैं हमारे."

"जावयाला असं बाकावर बसवता होय काका?" बाई म्हणाल्या. "आमच्या साताऱ्याकडे पाट मांडतात."

मी फुगवलेली छाती हळूच सोडली. व्यापाऱ्याने कप खाली ठेवला आणि काकांवर नजर रोखली.

बाईंनी मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. जमिनीतलं एक भोक, त्यातून वर आलेली एक मुलगी. केस, भुवया, ओठ, सगळं चमचमत होतं.

"ही बाहेर आली. हिच्या भावावर माती ढासळली."

काका बघत राहिले. तसली चमचम त्यांच्या बोटांवरही होती. त्यांनी ती धोतराला पुसली. निघाली नाही.

"सोच लीजिए, पंडितजी," व्यापारी म्हणाला. "आगे से एक मुट्ठी नहीं मिलेगी."

काकांनी त्याचं नाव सांगितलं, गावासकट. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात.

शिपाई त्याला घेऊन गेले, पोतीही गेली. दुकान एकाएकी मोठं दिसू लागलं. मी विचारलं, "काका, आता गणपतीला चमकी?"

"बिनचमकीचा बसेल."