डबा कानाशी धरणाऱ्या मावशी

डबा परत मिळाला की मावशी तो आधी कानाशी धरून हलवत. आत काही वाजलं तर डबा त्यांच्या काखेत. नाही वाजलं तर पुन्हा आपल्या हातात, आणि वर ठरलेलं वाक्य: "रिकामा डबा आपुन घेत न्हाई, बाई."

मग तुम्ही काहीही घाला. चिमूटभर साखर घाला, दोन लवंगा घाला, परसातलं लिंबू घाला. एकदा समोरच्या शिंप्याच्या घरात महिनाअखेरीला काहीच सापडेना, तर त्यानं डब्यात शर्टाची बटणं टाकली. मावशींनी डबा हलवला, वाजला, खूश झाल्या. ती बटणं पुढं त्यांच्या झंपराला लागलेली गल्लीनं पाहिली.

त्यांचं नाव मी इथं सांगत नाही. डब्याच्या झाकणावर कोरलेलं आहे, तिथंच राहू द्या. सेलूतल्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, एक त्यांचा पुण्यातला मुलगा सोडून.

मावशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर कुणी गोडबोली म्हातारी आली असेल तर तिला आधी बाजूला करा. आमच्या मावशी दारातूनच ओरडत यायच्या. गल्लीत कुणाच्याही लेकराचा वाढदिवस असो, केक त्यांचा आणि तोंडही त्यांचंच. ओव्हन नव्हता. जर्मनचं एक काळंकुट्ट भगुणं होतं, त्यात गोदावरीची वाळू. वाळू तापली की आत रव्याच्या केकचं भांडं ठेवायचं, वर झाकण, झाकणावर खलबत्ता. ती वाळू कधीच बदलायची नाही. कुणी बदला म्हटलं की त्या दोन दिवस त्या घराकडं बघत नसत.

दुकानातल्या क्रीमच्या केकवर तर त्यांचा फार राग. "साबणाचा फेस हाय त्यो. खायचा का तोंड धुवायचं त्येनं?" असं ज्याच्या घरी तो केक आणलेला असायचा, त्याच्याच घरात बसून म्हणायच्या. मग आपला केक कापायला लावायच्या. बशीत केकचा तुकडा, चिवडा आणि समोसा. समोसे तळायला गल्लीतल्या निम्म्या बायका कामाला लावलेल्या असत. पहिली बशी मात्र लेकरांना मिळत नसे. "आधी म्हाताऱ्यायला द्या. त्येंचा वाढदिवस कोण करायलंय?" लेकरं तोंड पाडून बसायची, म्हातारे लाजत खायचे.

मी या गल्लीत लग्न करून आले ती एकटीच आले. माझं माहेर सोनपेठचं. वडील मी लहान असताना गेले. आईनं गोधड्या शिवून आणि थोडंसं रान बघून मला शिकवलं. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, तिथंच माझं आणि नवऱ्याचं जमलं आणि आम्ही कोर्टात लग्न केलं. जात वेगळी. आई एवढंच म्हणाली, "मला लेक न्हाई." आणि दार लावून घेतलं. नंतर तिनं माझा फोनही कधी उचलला नाही.

दिवाळी जवळ आली की गल्लीतल्या सुनांना माहेराहून डबे यायला लागायचे. कुणाचा भाऊ घेऊन यायचा, कुणाचे वडील. त्या पहिल्या दिवाळीला मी सुट्टीतही क्लासला जाऊन बसायचे. कुलूप उघडायचं, पंखा लावायचा आणि नुसतं बसायचं. कुणी विचारू नये, एवढीच इच्छा.

मावशींनी विचारलं नाही. त्यांनी मला दंडाला धरून भट्टीवर नेलं.

तुमच्याकडं असेल-नसेल, आमच्याकडं दिवाळीआधी बायका मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात. बेकरीवाला पीठ मळून देतो, बिस्किटं आपण पाडायची, पत्रे त्यानं आत सारायचे. एकाच वेळी बऱ्याच घरांची बिस्किटं आत असतात. ती एकमेकांत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी वर बांगडी दाबतं, कुणी काटेचमचा, कुणी मधोमध चारोळी लावतं. मावशी सरळ अंगठा दाबायच्या.

"तुझी खूण काय?" त्यांनी विचारलं.

"माझी कसली खूण, मावशी."

"माहेराला असंल की काईतरी."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई अंगुस्तान दाबायची." शिवताना बोटात घालायची पितळेची टोपी. तिचे बारीक बारीक ठिपके बिस्किटावर उमटायचे आणि मला वाटायचं, आपलीच बिस्किटं सगळ्यांत देखणी.

मावशी उठल्या, चपला न घालताच गल्लीत गेल्या आणि शिंप्याचं अंगुस्तान मागून घेऊन आल्या. माझ्या बोटात घातलं. मी तीन-चार बिस्किटांवर दाबलं आणि पुढचा पत्रा मला दिसेना.

"रडून घे," मावशी म्हणाल्या. "पर पिठात न्हाई. मीठ टाकलंय म्या आधीच."

बिस्किटं गार झाल्यावर त्यांनी माझ्या बिस्किटांतली चांगली चांगली निवडून आपल्या डब्यात भरली. प्रत्येकाचा ठसा वर येईल अशी. म्हणाल्या, सोनपेठला भाचीकडं जायचंच हाय, जाता जाता देऊन येते. सोनपेठला त्यांची भाची नव्हती, भाचा नव्हता, कुणीच नव्हतं. पाथरीला एस्टी बदलून त्या केवळ त्या डब्यासाठी गेल्या. हे मला फार पुढं कळलं.

संध्याकाळी परत आल्या. डबा हलवून बघायची गरजच नव्हती, भरलेलाच होता. मी आत गेले आणि उगाच भांडी घासायला लागले.

"इकडं ये," मावशींनी हाक मारली. "ह्ये बघ."

झाकण उघडलेलं होतं. सगळ्या बिस्किटांचे ठसे वर. मधलं एकच पालथं.

"आपुन समदी सुलटी ठिवली होती. ह्ये उलटं कुणी केलं?"

"एस्टीच्या धक्क्यानं झालं असेल, मावशी."

"धक्क्यानं एकच उलटं होतंय व्हय? तिनं हातात घेतलंय, बघितलंय." आणि ते बिस्कीट माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "ह्ये तू खा. बाकीची वाटून टाकू."

मी खाल्लं. खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता. पण त्या दिवाळीत मला आधाराला दुसरं काही नव्हतं, आणि मावशींनी ते एका उलट्या बिस्किटातून काढून दिलं. त्याचे उपकार मी कसे विसरू?

दुसऱ्या वर्षी पुन्हा भट्टी, पुन्हा अंगुस्तान, पुन्हा ती खोटी भाची. या वेळी डबा घासूनपुसून रिकामा आला. आमच्याकडं कुणी कुणाचा डबा असा परत देत नाही, ते तुम्हाला मी काय सांगू. मला तो अपमान वाटला. मी चिडूनच विचारलं, "तुम्ही रिकामा घेतलात कसा? गल्लीत तर कुणाचा घेत नाही."

"घेतला बाई. जलमात पहिल्यांदा घेतला." त्या डबा पदरानं पुसत राहिल्या. "बिस्किटं तर ऱ्हायली ना तिकडं." त्या दिवशी त्यांनी डबा कानाशी धरला नाही.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. आईला मी कळवलं नव्हतं, आणि कळवूनही ती येईल अशी आशा मी धरली नव्हती. बाळंतपणात आपलं कोण असेल, या विचारानं माझी झोप उडाली होती. भट्टीवर मावशींनी माझ्या पिठात बेकरीवाल्याला तूप जास्त घालायला लावलं. तो म्हणाला, बिस्किटं फुटतील. त्या म्हणाल्या, "फुटू दे. तुला काय करायचंय?"

त्या सकाळी गेल्या आणि दिवे लागायच्या आत परतल्या. घरी न जाता थेट माझ्या दारात आल्या, डबा माझ्या हातात दिला.

"धर. हलव."

मी डबा कानाशी धरला. आत खडखड झाली.

झाकण उघडलं तर डिंक. आमच्या बांधावरच्या बाभळींचा. न निवडलेला, सालीचे तुकडे चिकटलेला, जसा झाडावरून काढला तसा. बाभळीपाशी जाऊन हात ओरबाडून घेत डिंक काढणारी आमच्या घरात एकच बाई होती. डिंक कुणाला पाठवतात आणि कशासाठी, हे आमच्याकडं लहान पोरीलाही सांगावं लागत नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. डिंक.

मी उंबऱ्यातच बसले आणि मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी मोठ्यानं रडले की शेजारपाजारच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या. मावशी त्यांना म्हणाल्या, "काय न्हाई. माहेरचा डबा आलाय."

पुढं आई स्वतः आली. सेलूच्या स्टँडवर गोधड्यांचं गाठोडं घेऊन उतरली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "डिंक निवडलास का तसाच ठिवलास?" एवढंच. मला तेवढं पुरलं. माझी मुलगी आईच्या हातात आली आणि तिच्या अंगावर पहिली गोधडी आईच्या हातची पडली.

मावशी सोनपेठला जाऊन काय बोलायच्या, ते मला आईकडून कळलं. काहीच बोलायच्या नाहीत. ओट्यावर बसायच्या, पाणी मागायच्या, डबा पुढं ठेवायच्या. माझं नाव काढायच्या नाहीत. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "मला परतीच्या गाडीची घाई हाय, डबा तेवढा मोकळा करून द्या, माझा नेमाचा हाय." आईला बिस्किटं ओतून घ्यावीच लागली. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, "औंदा तूप जास्त हाय बरं का. पोरीला तुपाचं खावं वाटायलंय."

"मी इचारलं, कितवा म्हैना हाय?" आई सांगत होती. "तर म्हणली, मला काय ठावं बाई, मी डबेवाली. जाऊन बघा."

त्यानंतर आई आली की दोघी शेजारी बसून भांडायच्या. आई म्हणायची वाळू बदला, मावशी म्हणायच्या तुमच्या लाडवात गूळ लय होतोय. मी एकदा मावशींना म्हटलं, तुमचे आभार कसे मानू? त्या म्हणाल्या, "आभार राहू दे. माझा डबा तीन दिवस झाले तुझ्याकडं पडलाय, त्यो दे."

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. साधा ताप आला, दवाखान्यात नेलं आणि परत आल्या नाहीत. त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा वाढदिवस झाला होता, केक त्यांचाच. त्यांचा डबा माझ्या ओट्यावर होता, चिवडा संपलेला. गल्लीत तेरा दिवस कुणाच्या घरात गोड शिजलं नाही. आई सोनपेठहून आली ती माझ्याकडंच राहिली.

तेरावा झाला. मुलानं घराला कुलूप लावलं. त्याची पुण्याची गाडी होती. तो बॅग घेऊन निरोप घ्यायला दारात आला, तेव्हा मी तो डबा पुढं केला. त्याच्या आईची वस्तू, त्याच्या घरी जायला हवी.

आईनं मधेच हात घालून डबा घेतला.

"रिकामा?"

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "गाडीची वेळ झालीय."

"बस तितं. गाडी दुसरी मिळंल. तुझं कुलूप काढ आन् ते भगुणं घेऊन ये. वाळू सांडू नको."

तो गेला आणि वाळूनं भरलेलं भगुणं दोन्ही हातांनी छातीशी धरून आला. आईनं मैदा मळला, तूप हात सैल सोडून घातलं, आपलं अंगुस्तान काढून ठसे उमटवले. मी गॅसपाशी उभी राहिले. तो दारातल्या ओट्यावर बसून होता, फोनवर तिकीट बदलत होता. बिस्किटांचा वास सुटला तशी त्यानं फोन खाली ठेवला.

गार झाल्यावर आईनं डबा भरला. ठसा वर, ठसा वर, एकेक नीट लावत. सगळा भरून झाल्यावर तिनं मधलं एक बिस्कीट उचललं आणि पालथं ठेवलं.

त्या पहिल्या वर्षीचं उलटं बिस्कीट आम्ही पाहिलं होतं, हे मी आईला कधी सांगितलेलं नव्हतं. मावशींनीही सांगितलं नसावं.

"हे उलटं कशाला?" मी विचारलं.

"तिला कळतंय त्ये," आई म्हणाली आणि झाकण लावलं.