अर्धंच सांगितलेलं औषध

बाळाच्या तोंडात पांढरं धरलं की आमच्या भागात पहिला डाग आईच्या दुधाला लागायचा. ‘दूध नासकं हाय’ असं कुणीतरी एकदा म्हटलं की झालं. मग ती बाई कुठंही बसली तरी बाकीच्या तिच्या पदराकडं बघतच बोलायच्या.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, वरकुट्याला. साल पन्नासच्या पुढचं, नेमकं कुठलं ते विचारू नका. सासर माझं बारामतीजवळ, कन्हेरीला. मुलगी झाली. बारसं उरकलं आणि लेकीच्या जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके आले. फडक्यानं पुसावं तर निघेनात, जोर करावा तर रक्त येई. आईनं टाकणखाराची लाही करून मधातून लावली. जरा बरं वाटलं, की पुन्हा तेच. पोर छातीला लागे, दोन घोट घेई आणि तोंड सोडून रडायला लागे. इकडं माझीही आग व्हायची, जणू मिरची चोळलीय. पण ते बोलायचं कुणापाशी? बाळंतिणीला असंच होत असेल म्हणून मी ओठ दाबून पाजत राहिले.

सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण आणि बाळ उंबरा ओलांडत नसत. म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच इंदापूरला डॉक्टरकडं गेले. येताना जांभळ्या औषधाची बाटली घेऊन आले. माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, तोंड अंगणाकडं करून.

“दिवसातनं दोनदा लावायचं. बाळाच्या तोंडाला,” ते म्हणाले. मग थांबले. “आन्...”

“आन् काय?” आईनं विचारलं.

“आन् काय न्हाय. झालं.”

लेकीचं तोंड जांभळं झालं. शेजारची काकू हसत म्हणाली, “काय गं, जांभळीखाली बाळंत झालीस व्हय?” मीही हसले, कारण तीन-चार दिवसांत जीभ स्वच्छ गुलाबी दिसायला लागली होती. तेवढ्यावर आईनं बाटली कोनाड्यात ठेवून दिली. औषध उगाच कशाला संपवायचं?

आठवडाही गेला नसेल, पुन्हा पांढरं आलं. पुन्हा बाटली काढली. या खेपेला जायला जास्त दिवस लागले. आबा पुन्हा इंदापूरला गेले, पुन्हा बाटली आणली आणि दारात उभं राहून पुन्हा तेवढंच सांगितलं. शेवटी शेवटी तर जांभळं वर आणि पांढरं खाली, दोन्ही एकाच जिभेवर सुखानं नांदायला लागली.

सव्वा महिना सरला आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, नात बघायला आल्या. कुंची-टोपडं आणलं होतं. पोरीला मांडीवर घेतलं, बोटानं हनुवटी खाली ओढली आणि त्यांचं तोंडच उतरलं.

“माझ्या नणंदेचं असंच झालं हुतं. दूध नासकं. पोरीला मी कन्हेरीला नेती. शेळीच्या दुधावर जगंल. हिला मागनं पाठवा.”

आई काकुळतीला आली. मी भिंतीकडं तोंड केलं. आबा बाहेरूनच म्हणाले, “विहीणबाई, उद्या एकडाव डाक्टरला दावून आणतो. मग न्या.”

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. आत्याबाई घरीच थांबल्या, पोरीचं गाठोडं बांधायला.

डॉक्टरांनी बाळाचं तोंड पाहिलं आणि मला सरळ विचारलं, “ताई, तुम्ही स्वतःला लावता ना?”

“मला? माझ्या तोंडात काय न्हाय.”

डॉक्टर आबांकडं वळले. “आबा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

आबा धोतराचा काठ चिमटीत धरून उभे. तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाळाच्या तोंडाला लावा आणि आईच्या छातीलाही लावा. बापानं लेकीला हे कुठल्या शब्दांत सांगायचं? नाहीच सांगता आलं. बायकोलाही नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. फळीवरच्या बाटल्यांकडं बघत म्हणाले, “ही यीस्ट आहे, एक बारीक बुरशी. ताडी जिच्यामुळं फसफसते ना, तिच्याच भावकीतली. बाळाकडनं आईकडं येते, आईकडनं बाळाकडं जाते.” मग आबांना विचारलं, “ज्वारीचं बी कसं धरता तुम्ही?”

शेतीचं निघाल्यावर आबांना जरा धीर आला. “पावसानं ताण दिला तरी जे कणीस भरलं, ते बाजूला काढायचं. पुढल्या साली त्येचंच पेरायचं.”

“मग तुम्ही हेच केलंत. औषधाचा ताण दिला आणि अर्ध्यात सोडलात. हलकी होती ती मेली. तगली त्यांचं बी आईच्या अंगावरनं पुन्हा बाळाच्या तोंडात पेरलंत. आता सगळं पीक त्या तगलेल्यांचं असावं.”

आबांच्या चिमटीतला धोतराचा काठ सुटला.

पुढं लेकीच्या पुस्तकांवरनं मी वाचायला शिकले, आणि मिळेल ते वाचत गेले. तेव्हा कळलं, की यीस्टच्या एका कणाला निवडुंगासारखा बगलेतनं कोंब फुटतो आणि मूळ कणाचा गुण त्या कोंबात उतरतो. औषध कुणाला चिवट करत नाही. लाखांत एखादा जन्मतःच वेगळा निपजतो, औषध फक्त बाकीच्यांना काढून त्याला रान मोकळं करून देतं. आमच्या घरात खरंच तसं झालं, की नुसतीच ये-जा चालली होती, ते काही कुणी दुर्बिणीखाली पाहिलं नाही. डॉक्टरही ‘असावं’ म्हणाले होते.

त्यांनी पुण्याहून आलेलं दुसरं, पिवळं औषध दिलं. दोघींनी लावायचं, आणि पांढरं गेलं तरी थांबायचं नाही.

घरी आलो तर सोप्यात गाठोडं तयार. विहिणीसमोर आबा कधी उभे राहत नसत. त्या दिवशी राहिले. नजर जमिनीत.

“विहीणबाई, दूध नासकं न्हाय. औषध पोरीच्या तोंडाला आन् हिच्या... छातीला लावायचं हुतं. मला डाक्टरनं सांगितलं हुतं. मीच अर्धं सांगितलं.”

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, आबा गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पोर गेली असती कन्हेरीला, लागला असता डाग माझ्या दुधाला, पण चारचौघांत हे शब्द निघाले नसते. लेकीपेक्षा मला लाज मोठी झाली होती. आज ती लेक आजी झाली, तरी हे आठवलं की मान खाली जाते.

आत्याबाई गाठोड्याजवळनं उठल्या. मग म्हणाल्या, “एवढं तोंडातनं निघाया इतकं दिस लागलं व्हय, व्याही?” आणि मला, “चल आत. दाव.”

मी पदर सरकवला. चिरा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, ह्या असल्या आगीत पाजत हुतीस? बोलली का न्हाईस?” औषध त्यांनीच लावलं, आधी मला, मग नातीला. गाठोडं त्यांनीच सोडलं.

लेक हळूहळू पोटभर प्यायला लागली. आबा मात्र मी सासरी जाईपर्यंत त्या खोलीच्या दारात पुन्हा आले नाहीत. नातीची चौकशी अंगणातनंच करायचे. आणि मीही कधी, आबा, आत या, असं म्हणाले नाही.