काहिलीवरची वाफ

जेवण झाल्यावर मालन कारखान्यातच चटईवर आडवी होते. पाच मिनिटं पाठ टेकायची, एवढाच बेत. वर पत्र्यावर कावळा चालतोय, त्याच्या नखांचा आवाज हळूहळू लांब जातोय. डोळे मिटतात, पण टेबलावरचं चित्र काही नजरेपुढून हटत नाही.

चित्र तिच्या थोरल्या बहिणीचं, शालनआक्काचं. गुऱ्हाळघर, मधे भलीमोठी काहील, उकळता रस आणि अर्ध्या चित्रभर वाफ. कडेला उसाची कांडकी धरून उभ्या दोन मुली म्हणजे त्या दोघी. मालन चित्रांची लाकडी कोडी करते. छापील चित्र प्लायवूडवर चिकटवायचं आणि मशीनच्या केसाएवढ्या पात्यानं त्याचे तुकडे करायचे, जुळवणाऱ्याला पुन्हा एक करता येतील असे. कोल्हापुरातल्या कितीतरी चित्रकारांची चित्रं तिनं कापली. आक्काचं एकही नाही. दहा वर्षांपूर्वी विचारलं तेव्हा आक्का फटकन म्हणाली होती, "माझ्या चित्राचे तुकडे? मी मेल्यावर कर." पुन्हा तो विषय दोघींनीही काढला नाही. आक्का जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्या लेकीनं, पल्लवीनं, आईच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलंय आणि तिथं हे कोडं मांडायचंय, येणाऱ्यांनी बसून जुळवावं म्हणून. सोमवारी उद्घाटन. चित्राची छापील प्रत चिकटवून चार दिवस झाले, पण कापायला मालनचा हात पुढं होत नाही.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

चटईच्या कडेला आक्का बसलेली. शाळेत चित्रकला शिकवायला जायची तेव्हाची सुती साडी, कोपरापर्यंत रंग. मालन दचकत नाही. आक्का गेलीय हे तिला ठाऊक आहे, आणि ती आलीय हेही.

"जेवलीस?" मालन विचारते.

"ते राहू दे. दाखव आधी."

टेबलावर चित्र आहे, पण कापलेलं. शेकडो तुकडे, सगळे उलटसुलट. मालन घाईनं म्हणते, "मी नाही कापलं, आक्का."

आक्काचं लक्षच नाही. ती बाकावर बसून तुकडे उपसतेय. बाक शाळेचा आहे, समोर फळा आहे, आणि खिडकीतून मैदान दिसतंय. आक्काची बोटं भराभर चालतायत. एक तुकडा बसला की ती बाकावर थाप मारते. एवढी खूश मालननं तिला कधी पाहिली होती, आठवत नाही.

"हा बघ. कुठल्या रंगाचा?"

"वाफ आहे ती. पांढरीच."

"नीट बघ की."

मालन तुकडा उजेडात धरते. त्यात पांढरं काहीच नाही. जाळाच्या अंगानं पिवळसर, मग गुलाबी, आणि एका टोकाला उसाच्या पाल्याची पुसट हिरवी झाक. इतकी वर्षं हे चित्र पाहिलं आणि हे दिसलंच नाही.

"आठ महिने रंगवत होते ही वाफ," आक्का म्हणते. "लोक यायचे, छान वाफ काढलीय म्हणायचे आणि पुढं जायचे. तुकडा हातात आला की मात्र बघावंच लागतं. मला हे आधी कुठं माहीत होतं?"

पायांखाली चिपाडं करकरतात. फळा नाही, मैदान नाही. गुऱ्हाळघराची ऊब अंगावर येतेय, उकळत्या रसाचा वास नाकात भरलाय. वाफेतून तुकडे तरंगत येतात आणि त्या दोघी, पन्नाशीपुढच्या बाया, पदर खोचून ते झेलत सुटतात. मालनला धाप लागते, हसू आवरत नाही. तरी विचारायचं ते ती विचारतेच.

"तू म्हणाली होतीस, मी मेल्यावर कर."

"मग? मेले की मी."

"रागानं म्हणाली होतीस."

आक्का थांबते. "भ्याले होते, मालू. तुझा हात लागला की चित्र तुझं होईल असं वाटलं. होऊ दे आता. रंगवणारीची रेघ तशी कापणारीची पण रेघच."

"कुठून सुरू करू?"

"मधनं. वाफेतनं." आक्का एक तुकडा तिच्या डाव्या तळहातावर ठेवते, बोटं मिटवते आणि दोन्ही हातांनी मूठ आवळते. दुखेल इतकी.

"पोरींनो, मागं व्हा," काहिलीपलीकडून वडिलांचा आवाज येतो. "रस उतरायचाय." काहील कलते आणि वाफेत सगळं बुडतं. आक्काचे हात तेवढे मुठीवर राहतात, मग तेही नाहीत.

मालन उठून बसते. पत्र्यावर ऊन तडतडतंय. टेबलावर चित्र अखंड आहे, मूठ मिटलेली आहे. उघडते तर आत काही नाही. पण तळहातावर खोल, लालसर ठसा उमटलाय. एका बाजूला शेजारच्या तुकड्यात अडकणारी जीभ, लांबट, कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी वळलेली, दुसऱ्या बाजूला दोन खाचा. मालनच्या तुकड्यांच्या जिभा नेहमी गोल असतात. असला तुकडा तिनं जन्मात कापलेला नाही. ती चटई झटकते, टेबलाखाली वाकून पाहते. कुठं काही नाही.

ठसा काही मिनिटांत भरून येणार. ती धडपडत उठते, बटर पेपर तळहातावर दाबून धरते आणि उजव्या हातानं पेन्सिल फिरवते. रेघ पुरी होते. कागद चित्राच्या बरोबर मधे, वाफेवर चिकटवून ती मशीनचं बटण दाबते. पातं लाकडात शिरतं. चित्र धरलेल्या डाव्या हाताला तो ठसा अजून हुळहुळतोय.